सोलापुरात स्टेशन-स्टँडवरच्या मुलांसाठी निवारा काढायचाय, काय काय लागतं?

कंबरतलाव

नवी पेठेजवळच्या एका मंडळाकडे १२०० चौरस फुटांचा हॉल पडून आहे. स्टेशन, एसटी स्टँड आणि सात रस्त्याच्या सिग्नलवर दिसणाऱ्या मुलांसाठी तिथे रात्रीची सोय करावी असं चाललंय. वीस-पंचवीस मुलं, दोन वेळचं जेवण, गाद्या, एक राखणदार. देणगीदार तयार आहेत. परवानगी कुणाची लागते, मुलं आणायची कशी, आणि नशा करणाऱ्यांचं काय करायचं? जाणकारांनी मोकळेपणाने लिहा. आमचं चुकत असेल तर तेही सांगा.

होटगी_जंक्शन

ताई, सगळ्यात आधी राखणदार आणि गाद्या यादीतून काढा.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ४१. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं मुक्कामी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी लागते. सरकारी अनुदान घ्या नाहीतर न घ्या. नोंदणीविना चालवलं तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही फक्त झोपायला जागा देतो' हा बचाव चालत नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत जातो आणि जागेची तपासणी होते.

आता जागेचं गणित. नियमात शयनकक्षासाठी मुलामागे ४० चौरस फूट धरलेत. म्हणजे १२०० भागिले ४०, तीस मुलं, असा हिशेब लोक करतात आणि तिथेच फसतात. स्वयंपाकघर १००, ऑफिस आणि समुपदेशनाची खोली मिळून १२०, आजारी मुलासाठी वेगळी जागा १००, संडास-न्हाणी १००, कोठी ८०, जेवायला-खेळायला २००. झाले ७००. उरले ५००, म्हणजे बारा मुलं. सात मुलांमागे एक संडास आणि दहांमागे एक न्हाणी हे प्रमाण असल्यामुळे बारांना दोन-दोन लागतील. पंचवीस कोंबलीत तर पहिली खरूज आठवडाभरात सगळ्यांना होईल.

दुसरं म्हणजे तुम्ही तीन वेगळ्या प्रकारची मुलं एका दमात लिहिलीत. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या कार्यपद्धतीतही हे तीन गट वेगळे आहेत. घर सोडून एकटी राहणारी, दिवसभर रस्त्यावर आणि रात्री वस्तीतल्या घरी जाणारी, आणि अख्ख्या कुटुंबासह रस्त्यावर राहणारी. स्टेशनवर पहिला गट जास्त, सिग्नलवर दुसरा आणि तिसरा. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलीची आई पलीकडच्या फुटपाथवर बसलेली असते. त्या मुलीला रात्रीची गादी देऊन तुम्ही तिला आईपासून तोडाल. तिला दिवसाची सुरक्षित जागा, शाळा आणि आईच्या नावावर रेशनकार्ड हवं.

म्हणून आधी फक्त दिवसाचं केंद्र काढा. मुक्काम नाही. तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे खुलं निवारागृह म्हणून नोंदणी केलीत तर येणाऱ्या मुलांची माहिती दर महिन्याला कक्षाला आणि बाल कल्याण समितीला (अशा मुलांबाबत आदेश देणारी जिल्ह्याची समिती) द्यावी लागते (कलम ४३). तेव्हा नोंदवहीची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

रूळमास्तर

वरच्याशी सहमत. स्टेशनपुरतं लिहितो.

आपलं स्टेशन मुंबई–चेन्नई मुख्य मार्गावर. हैदराबाद आणि बंगळूरच्या गाड्या इथून जातात, होटगीहून विजयपूर-गदगचा फाटा, कुर्डुवाडीहून मिरज आणि लातूर. त्यामुळे उतरलेलं मूल मराठीच असेल असं धरू नका. कन्नड, तेलुगू, दख्खनी, हिंदी, कधी ओडिया. पथकात कन्नड आणि तेलुगू बोलणारं माणूस हवंच. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारं घर शोधायला कष्ट पडत नाहीत, पण स्वयंसेवकांची यादी करताना हे नेमकं राहून जातं.

एकटं मूल ओळखायचं कसं? गाडी गेल्यावरही फलाटावरच रेंगाळतं, सामान नसतं किंवा एकच कॅरिबॅग असते, पाण्याच्या नळाजवळ आणि पार्सल ऑफिसच्या बाजूला थांबतं, खाकी दिसली की दिशा बदलतं. पहिले दोन दिवस महत्त्वाचे. तोपर्यंत त्याला 'काम देतो, जेवण देतो' म्हणणारा कुणीतरी भेटलेला असतो.

जवळ जाताना एकाने जा, घोळका करून नको. उभ्याने बोलू नका, बाजूला बसा. पाणी द्या. 'घरून पळून आलास का?' हा प्रश्न पहिल्या तासात विचारायचाच नाही. 'जेवलास का, कुठल्या गाडीने आलास, अजून कुणी बरोबर आहे का' एवढं पुरे. मनगट धरू नका. पैसे देऊ नका. फोटो काढू नका.

मग १०९८. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती राज्य सरकारांमार्फत चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. फलाटावर असाल तर रेल्वे सुरक्षा बल किंवा लोहमार्ग पोलिसांनाही कळवा. ठाणे दैनंदिनीत नोंद होते, तिचा क्रमांक आणि वेळ तुमच्या वहीत लिहून घ्या. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मूल बाल कल्याण समितीपुढे हजर व्हायला हवं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं, त्यामुळे 'उद्या सुट्टी आहे, सोमवारी बघू' हे ऐकून घ्यायचं नाही. सापडलेलं मूल कळवलंच नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही, हेही मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा. हौसेने मूल घरी नेणारे दयाळू लोक इथेच अडकतात.

कडक_भाकरी

वाचतोय. भय्या चौकाच्या बाजूला पोरं रुमालात सोल्युशन घेऊन बसलेली असतात. धरून आणावीत तर पळतात. त्यांचं काय करायचं ओ?

डॉ_बोरामणी

धरायचं नाही, आणि त्यांच्या मागे पळायचं तर मुळीच नाही. यामागे वैद्यकीय कारण आहे.

पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांत टोल्युइनसारखी द्रावकं असतात. ती ओढल्यावर हृदय अ‍ॅड्रेनॅलिनला फार संवेदनशील होतं. अशा वेळी मूल दचकलं, घाबरलं, जिवाच्या आकांताने पळालं तर ठोके बिघडून ते जागच्या जागी दगावू शकतं. पहिल्यांदा ओढणाऱ्यालाही हा धोका आहे. हातात रुमाल दिसला तर लांबूनच हाक मारा, बसा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा, रुमाल आणि पिशवी बाजूला करा, मोकळी हवा द्या, १०८ लावा. जवळ बिडी-काडी पेटवू नका, वाफ पेट घेते. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा.

बंद केल्यावर काही दिवस चिडचिड, झोप न लागणं, मळमळ, अन्न नको वाटणं असं चालतं. याला बदली औषध नाही. शांत जागा, थोडं थोडं खाणं, झोप आणि ओळखीचं एकच माणूस. हा काळ भांडणात गेला तर मूल गेटबाहेर जातं. आणि केंद्रात थिनर, रंगाचे डबे, नेलपॉलिश रिमूव्हर, व्हाइटनर, जाड मार्कर उघड्यावर ठेवू नका. रंगकाम काढायचं तर मुलं येण्याआधी उरका. नशामुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळे विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्या, पण मुलाला साक्षीदार म्हणून पुढे करून नव्हे.

बाकी तब्येतीचं.

पहिलं जेवण हलकं. दोन-तीन दिवस नीट न जेवलेल्या मुलापुढे मटण-भाकरी ठेवली तर उलटी ठरलेली. मऊ भात, वरण, केळ, दोन-दोन तासांनी थोडं. जुलाब असतील तर जीवनजल (ओआरएस), एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, अर्ध्या पेल्यात नव्हे. खूप दिवसांची उपासमार आणि पायांवर सूज दिसली तर स्वतः खाऊ घालत बसू नका, सिव्हिलला न्या.

खरूज. परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, काखेत. रात्री लावून सकाळी अंघोळ, आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवं. सात दिवसांनी पुन्हा. डोस डॉक्टरकडून ठरवून घ्या. खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री लावायचं. ज्याला खाज आहे त्यालाच लावल्यामुळे महिनोन्‌महिने खरूज फिरत राहते. कपडे-चादरी गरम पाण्यात आणि कडक उन्हात. आपल्याकडे उन्हाची काय कमी!

जंतासाठी अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ एक गोळी, चावून (दोन वर्षांवरच्यांना). दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजन घटलेलं असेल तर क्षयाची तपासणी. एचआयव्ही चाचणी 'सगळ्यांची करून टाकू' अशी करायची नसते. त्याला कायदेशीर संमती लागते.

आणि एक गोष्ट ठळक लिहा, भिंतीवर लावा. मुलाने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. चार दिवसांपर्यंत वैद्यकीय पुरावा मिळू शकतो. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. सांगणं एकदाच ऐका, खोदून विचारू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि उपचार कुठल्याही रुग्णालयात मोफत मिळायला हवेत.

गड्डा_यात्रा

एवढं सगळं कशाला? आल्याबरोबर टक्कल, डेटॉलची अंघोळ, नवे कपडे, गेटला कुलूप. आठ दिवसांत शिस्त लागते. बालगृहांत तसंच करतात की.

अधीक्षक_निवृत्त

दादा, करायचे. आणि म्हणूनच मुलं भिंतीवरून उड्या मारायची.

टक्कल करणं म्हणजे मुलाच्या लेखी पकडून शिक्षा. उवांसाठी १ टक्का परमेथ्रिन आणि बारीक दातांची फणी, ओल्या केसांवर, दर दोन-तीन दिवसांनी दोन आठवडे. लिखा फुटत राहतात म्हणून एकदा करून भागत नाही. केस कापायचेच असतील तर न्हावी बोलवा आणि कट मुलाला निवडू द्या. डेटॉलने कातडी सोलते, साधा साबण घ्या. जुने कपडे फेकू नका, धुऊन त्याच्याच पेटीत ठेवा. फाटका शर्ट आईने घेतलेला असतो, हे कळेपर्यंत तो कचऱ्याच्या गाडीत गेलेला असतो.

मुलं बहुतेक पहिल्या तीन दिवसांत पळतात. खिशातले पैसे काढून घेतले, बरोबरचा मित्र वेगळ्या ठिकाणी ठेवला, तल्लफ आली, किंवा घरी पाठवणार असं कुणीतरी बोलून गेलं. पहिल्या दोन्हींवर उपाय अगदी स्वस्त आहे. दाखल करताना मुलासमोर सामानाची यादी करायची: एक मोबाइल बंद, ८५ रुपये, एक दोरा, एक लॉकेट. पैसे पाकिटात घालून ते चिकटवायचं आणि जोडावर मुलाची सही किंवा अंगठा. प्रत्येकाला कडी-कोयंड्याची लहान पत्र्याची पेटी, किल्ली नाडीत ओवून त्याच्याच गळ्यात. दुसरी किल्ली ऑफिसात असेल तर तसं सांगून ठेवा. चोरून उघडलेली पेटी मुलाला पाच मिनिटांत कळते. मित्रांच्या गाद्या शेजारी-शेजारी ठेवा.

रात्री सगळे दिवे बंद करू नका, मार्गिकेतला एक चालू राहू द्या. फलाटावर झोपलेल्या मुलाला काळोख आणि शांतता दोन्ही सोसत नाहीत. अंथरूण ओलं करणारी मुलं असतातच, दहा-बारा वर्षांचीही. गादीवर मेणकापड, आणि न्हाणीजवळच्या फळीवर धुतलेल्या चादरींची चळत. कुणाला न विचारता मुलाने स्वतः बदलून घ्यावी, ओली बादलीत टाकावी. सकाळी कुणी नाव घ्यायचं नाही. त्यावरून ओरडलेला काळजीवाहक रात्रपाळीवर ठेवू नये.

रात्रपाळीला एकटा माणूस कधीच नको. दोघं, दोघांची पोलीस पडताळणी झालेली, झोपायची जागा मुलांच्या खोलीबाहेर. स्वयंसेवक मुलाबरोबर बंद दाराआड एकटा बसणार नाही, हा नियम देणगीदारालाही लागू. वाढदिवसाचा केक आणून मुलांबरोबर फोटो टाकणाऱ्यांना नम्रपणे सांगा की ओळख उघड केली तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. केक ठेवून घ्या.

शेंगाचटणी

अधीक्षक साहेब, पेटीचं पटलं.

जेवणाचं लिहिते. बाल न्याय कायद्याच्या आदर्श नियमांत मुलामागे रोजचं धान्य ६०० ग्रॅम (१६ ते १८ वयाला ७००), डाळ १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, पालेभाजी १००, इतर भाजी १३०, दूध १५० मिली, दही किंवा ताक १००. बारा मुलांना रोज सव्वासात किलो धान्य आणि दीड किलो डाळ. आठ वर्षांच्या पोराला ६०० ग्रॅम संपत नाही, पंधराच्याला कमी पडतं, म्हणून एकूण साठा तेवढा धरा आणि ताट भुकेप्रमाणे वाढा. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी इथल्या मुलांना आवडते. तेलंगणाकडून आलेल्याला पहिले चार दिवस भातच द्या, भाकरीचा हट्ट नको.

उशीखाली भाकरी लपवणं फार दिसतं. त्यावर ओरडा नको, झडतीही नको. मुंग्या-उंदीर होतात हे खरं. चुरमुरे-फुटाण्यांचा डबा दिवसरात्र उघड्यावर ठेवा, कधीही घ्या म्हणून सांगा. डबा कधीच रिकामा दिसता कामा नये. अन्न पळून जात नाही हे पटलं की लपवणं आपोआप कमी होतं.

रूळमास्तर

घर शोधण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, तो निम्मा कारभार आहे.

मूल गाव सांगत नाही, किंवा 'हैदराबाद' सांगतं कारण तेवढंच नाव माहीत असतं. तेव्हा आडून विचारा. शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा, बसच्या पाटीवर कुठली अक्षरं, गावची जत्रा कुठल्या देवाची, जवळ कारखाना की नदी, आई काय काम करते, गाडीत बसल्यावर अंधार किती वेळा पडला. कागदावर घर ते शाळा रस्ता काढायला लावा. कन्नडच्या बोलीवरून कलबुर्गी-यादगीरकडचं की धारवाडकडचं हे जाणकाराला दोन वाक्यांत कळतं. हरवलेल्या मुलांच्या सरकारी पोर्टलवर माहिती जुळवून पाहणं पोलीस आणि कक्षाकडून होतं, मागे लागा.

आधारचा फार उपयोग होतो. मुलाची नवी नोंदणी करायला गेल्यावर 'आधीच नोंद आहे' म्हणून अर्ज नाकारला गेला, तर ती चांगली बातमी समजा. समितीच्या पत्राने आधारच्या प्रादेशिक कार्यालयातून जुना पत्ता मिळवता येतो. मात्र पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. त्या वयात आधार काढून पुढे अद्ययावत केलं नसेल तर जुळणी होत नाही.

होटगी_जंक्शन

आणि पत्ता सापडला म्हणजे मूल गाडीत बसवून दिलं, असं नाही. समिती सामाजिक तपासणी करायला सांगते, मुदत १५ दिवस. अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. परजिल्ह्यातलं-परराज्यातलं मूल तिथल्या समितीकडे सोपवतात, बरोबर पोलीस, मुलगी असेल तर महिला पोलीस. माणूस उपलब्ध नाही म्हणून इथेच आठवडे जातात आणि मूल वैतागतं. पाठपुरावा करायचा तो इथे.

गृहभेटीत घर पक्कं की कच्चं यावर रकाने भरू नका. मूल कुणाच्या माराला कंटाळलं, तो माणूस अजून त्या घरात आहे का, शाळा का सुटली, कर्ज कुणाचं, बहिणीचं काय चाललंय, मूल परत आल्यावर कुठे झोपेल. बाप दारू पिऊन मारत होता आणि अजून पितोय, तर महिन्याभरात तेच मूल पुढच्या गाडीने येईल, या वेळी जास्त सावध होऊन. तिथे मावशी, आजी यांची सोय आधी तपासा.

घरी गेल्यावर पैशाची जोड लागते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रायोजकत्व महिना ४००० रुपये, उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, इतरत्र ९६ हजार. राज्याची बालसंगोपन योजना महिना २२५० रुपये. एका मुलाला दोन्ही मिळतील असं धरून हिशेब मांडू नका. अडतं कुठे? उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि खात्यावर. आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसे येत नाहीत आणि आईला वाटतं संस्थेने खाल्ले. खातं मुलाला घरी पाठवण्याआधी उघडून घ्या.

बालवाडी_ते_दहावी

शाळेसाठी दोन ओळी. वयाचा दाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्यावरही. शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. बारा वर्षांच्याला पहिलीत बसवू नका, वयानुरूप वर्गात घालून विशेष प्रशिक्षण मागा. महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमांच्या आहेत, तेव्हा माध्यम मुलाच्या भाषेचं पाहा. चौदा पूर्ण झालेल्याला आयटीआयचे काही ट्रेड आठवी पासवर मिळतात.

गड्डा_यात्रा

टक्कलचं मागे घेतो. इथे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आणि आषाढीला पंढरपुरात मुलं हरवतात, त्यांनाही हेच सगळं?

अधीक्षक_निवृत्त

नाही. हरवलेल्याला जागेवरच ठेवा, जवळच्या पोलीस मदत केंद्रात. ध्वनिक्षेपकावर मुलाचं पूर्ण नाव पुकारू नका, कपड्यांचं वर्णन द्या आणि न्यायला आलेल्याला नाव विचारा. मूल त्याला ओळखून बिलगतं का ते बघा. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही तर मग १०९८ आणि समिती. यात्रेत सोडून दिलेली मुलंही असतात, विशेषतः अपंग. पंढरपुरात प्रार्थना समाजाचं अनाथालय १८७५ सालचं आहे, ते उगाच नाही.

कंबरतलाव

सगळ्यांचे आभार. मंडळाला धागा वाचायला दिला. दिवसाचं केंद्र करायचं ठरतंय, बारा ते पंधरा मुलं. वेळ सकाळी दहा ते सहा चालेल का? आणि सुरुवातीला नेमकी कशाची तयारी ठेवू?

शेंगाचटणी

दहा फार उशिरा. स्टेशनवरची मुलं पहाटेच्या गाड्या संपल्या की मोकळी होतात, साडेसातला दार उघडा. रविवारी बंद ठेवू नका, मुलांना त्या दिवशी शाळाही नसते.

तयारी पाण्याची. नळाला रोज पाणी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक धरून दिवसा मुलामागे ५० लिटर धरा. पंधरा मुलांचे ७५०, पाच दिवसांच्या खंडाला पावणेचार हजार. पाच हजारांची टाकी घ्या, झाकण कुलपाचं, आणि पिण्याची दोनशे लिटरची वेगळी. टाकी गच्चीवर टाकायच्या आधी स्लॅब इंजिनिअरला दाखवा, भरलेली टाकी पाच टनांची होते. मे महिन्यात ते पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, म्हणून अंघोळी सकाळीच उरका.